चीनच्या वाटेवरचं यवतमाळ

१९७४च्या मार्च महिन्यात चीनमधल्या शिआन शहराजवळ काही शेतकरी विहीर खणत होते. पावसाने ओढ दिली होती आणि पिकाला पाणी हवं होतं. खणता खणता पाण्याऐवजी भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे लागले. पुढे त्याच जागी हजारो मातीचे सैनिक, घोडे आणि रथ निघाले. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी चीन एका छत्राखाली आणणाऱ्या सम्राट छिन शी हुआंगच्या समाधीचे ते पहारेकरी. आज चीनला जाणारा मराठी प्रवासी बीजिंगजवळची भिंत आणि हे मातीचं सैन्य पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. पण ही हकिकत यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगितली, तर त्याचं मन सैनिकांच्या आधी विहिरीपाशी अडकतं. त्यांना पाणी लागलं का, हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

तो प्रश्न विचारण्याचा अधिकार या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून मिळवला आहे. कोरडवाहू कापूस, हुलकावणी देणारा पाऊस, डोक्यावरचं कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या, यांपलीकडे यवतमाळचं नाव राज्याबाहेर क्वचितच पोचलं. ते दुःख खरं आहे. त्याकडे पाठ फिरवून इथल्या सहलींच्या गप्पा मारणं निर्दयपणाचं ठरेल. मात्र एखाद्या मुलखाला केवळ त्याच्या दुःखावरून ओळखणं हाही त्याच्यावर अन्यायच. चीन पाहायला निघणाऱ्या माणसाने आधी चार दिवस यवतमाळ पाहावं, असा आग्रह इथे धरायचा आहे. कारण कापूस, ज्वारी, रुळांची रुंदी आणि काही माणसांची पायपीट यांनी हा जिल्हा त्या देशाशी केव्हाच जोडला आहे.

पायपिटीचं नाव निघालं की ह्युएनत्संगपासूनच सुरुवात करावी लागते. इसवी सन ६२९च्या सुमारास हा भिक्षू राजाज्ञा मोडून चीनबाहेर पडला आणि ६४५मध्ये परतला, तेव्हा त्याच्याबरोबर २० घोड्यांवर लादलेले ६५७ ग्रंथ होते. महाराष्ट्रात तो आला, तेव्हा दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. इथली माणसं उंचीपुरी, सरळ पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात. हरलेल्या सेनापतीला बायकांचे कपडे नेसायला लावतात, असं त्याने नोंदवून ठेवलं. जमिनीचा कस, हवेचा उष्मा आणि भरघोस पीक यांकडेही त्याचं लक्ष होतं. आपल्या मुलखाचं सातव्या शतकातलं इतकं जिवंत वर्णन आपण स्वतः लिहून ठेवलेलं नाही.

महाराष्ट्राआधी तो कोसल देशात गेला होता. हा कोसल नेमका कुठला, यावर एकोणिसाव्या शतकात बराच खल झाला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी कोसल म्हणजे विदर्भ आणि त्याची राजधानी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, असं मत मांडलं. आज बहुतेक अभ्यासक छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे बोट दाखवतात. तरीही वणीहून वर्धा नदी ओलांडून भद्रावतीला गेलं आणि विजासनच्या टेकडीत कोरलेल्या लांबलचक बौद्ध लेण्याच्या टोकाशी उभं राहिलं, की कनिंगहॅम यांचा तर्क का झाला असेल ते कळतं. हा सगळा पट्टा बुद्धाच्या वाटेवरचा होता. भिक्षू या वाटेने गेला असो वा नसो, वाट होती.

शिआनमध्ये ह्युएनत्संगने आणलेले ग्रंथ ठेवण्यासाठी ६५२मध्ये बांधलेला मोठ्या रानहंसाचा मनोरा आजही उभा आहे. मराठी प्रवाशांच्या यादीत मातीच्या सैन्याखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. तिथे गेल्यावर त्या भिक्षूने आपल्या लोकांबद्दल काय लिहिलं, हे किती जणांना ठाऊक असतं? सहलीच्या वाटाड्याने सांगितलं नाही, तर निदान यवतमाळच्या माणसाने ते घरून वाचून जावं.

ह्युएनत्संगने भारतीयांच्या वस्त्रांचं वर्णन करताना रेशमाबरोबर कापसाचीही नोंद केली. त्याच्या काळात चीनच्या मुख्य भूमीत रेशीम आणि तागाचं राज्य होतं. कापूस घरोघर पोचायला अजून पाच-सहाशे वर्षं होती. तो पोचवण्यात ज्या बाईचा वाटा मोठा मानला जातो, तिचं नाव हुआंग दाओपो. तेराव्या शतकातली ही सामान्य घरातली स्त्री हैनान बेटावर ली लोकांकडून सरकी काढण्याची, पिंजण्याची आणि सूत काढण्याची साधनं शिकली आणि १२९५च्या सुमारास आपल्या गावी, आजच्या शांघायच्या परिसरात परतली. तिच्यामुळे तो भाग कापडासाठी चीनभर नावाजला. शांघायला गेलेला प्रवासी बंडवरची रोषणाई पाहतो. शहराच्या शुहुई भागात असलेलं हुआंग दाओपोचं स्मारक मात्र बहुधा राहून जातं. कापसाच्या जिल्ह्यातून जाणाऱ्याने ते चुकवू नये, कारण तिने ज्या कापसाचं सूत काढायला शिकवलं तो ‘गॉसिपियम आर्बोरियम’ याच जातीचा. भारतीय उपखंडात लागवडीखाली आलेली ही जात, आणि वऱ्हाडात ज्याला गावरान कापूस म्हणत तोही हाच. आखूड धाग्याचा, पण उन्हाला आणि किडीला न डगमगणारा. आज यवतमाळच्या शिवारात तो शोधावा लागतो. संकरित आणि मग बीटी वाणांनी त्याची जागा घेतली.

वऱ्हाडचा कापूस एकेकाळी बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरपर्यंत जाई. लादणीचे हे बैल बंजाऱ्यांचे. मीठ, धान्य आणि कापूस वाहणारे त्यांचे तांडे रानावनातून चालत, मुक्काम करत, पुन्हा चालत. १८२५-२६च्या सुमारास विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वळवला. पुढे मुंबईत गिरण्या आल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या तीन दशकांत या गिरण्यांच्या सुताचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं चीन. चिनी विणकर हातमागावर मुंबईचं सूत लावत होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती कापसाच्या मुलखाजवळ, आणि १८९३-९४मध्ये चीन-जपानला जाणाऱ्या सुताच्या भाड्यावरून त्यांनी पी अँड ओ या बलाढ्य जहाज कंपनीशी झुंज घेतली. ती झुंज ते हरले. पण वणी-दारव्ह्याच्या काळ्या मातीत उगवलेल्या बोंडाचा धागा शांघायच्या एखाद्या मागावर चढला असेल, ही कल्पना नुसती काव्यात्म नाही. त्या काळच्या व्यापाराने ती अगदी संभवनीय केली होती. दुर्दैवाने या नात्याची खूण सांगणारी एकही पाटी प्रवाशाला पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या कापूस बाजारात दिसत नाही. दिसतात त्या जिनिंगच्या आवारात कापसाच्या डोंगराला लागलेल्या बैलबंड्या आणि ट्रॅक्टर. हंगामात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हे दृश्य कुठल्याही संग्रहालयाइतकंच पाहण्याजोगं आहे.

कापूस वाहणाऱ्यांच्या वारसांना भेटायचं तर दिग्रसहून जिल्ह्याची हद्द ओलांडून वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला जावं. संत सेवालाल महाराजांचं हे स्थान म्हणजे देशभरच्या बंजाऱ्यांची काशी. रामनवमीला इथे राजस्थानपासून तेलंगणापर्यंतची माणसं जमतात आणि सगळ्यांच्या तोंडी एकच गोरमाटी बोली असते. ऑक्टोबर २०२४मध्ये इथे बंजारा संस्कृतीचं संग्रहालय सुरू झालं. नगाऱ्याच्या आकाराची त्याची इमारत लांबूनच ओळखू येते. स्त्रियांच्या पोशाखावरचं आरशांचं आणि कवड्यांचं काम नीट न्याहाळलं, तर एका चालत्या व्यापारी समाजाचा नकाशाच हाती येतो. समुद्र न पाहिलेल्या तांड्यातल्या बाईच्या ओढणीवर समुद्रातली कवडी आहे. वसंतराव नाईक याच समाजातले. पुसदजवळच्या गहुली गावी १ जुलै १९१३ रोजी जन्मलेल्या या माणसाने १९६३ ते १९७५ इतका प्रदीर्घ काळ महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं.

रेशीममार्गावरच्या उंटांच्या काफिल्यांवर ग्रंथ लिहिले गेले, चित्रपट निघाले. दख्खनच्या बैलांच्या तांड्यांना तेवढं लेखन मिळालं नाही. मराठीत हे काम अजून व्हायचं आहे.

आता जेवणाकडे वळायला हवं, कारण चीनला जाणाऱ्या मराठी माणसाची पहिली चिंता तीच असते. पिशवीत चिवडा, लाडू, ठेपले आणि लोणच्याची बरणी घेऊन माणसं निघतात आणि आठ दिवस त्यांवरच काढतात. इतकं परकं वाटावं असं त्या ताटात खरोखर काय आहे?

ज्वारीपासूनच पाहू. यवतमाळच्या घरात भाकरी म्हणजे ज्वारीची. हे धान्य मूळचं आफ्रिकेचं. तिथून ते भारतात आलं, रुजलं, आणि पुढे चीनलाही गेलं. उत्तर चीनमध्ये त्याचं नाव गाओलियांग. तिथे त्याची भाकरी नव्हे, प्रामुख्याने दारू होते. ग्वेइचौ प्रांतातली जगप्रसिद्ध माओताय याच धान्याची. मो यान या नोबेल विजेत्या लेखकाच्या ‘रेड सोरघम’ या कादंबरीत शानदोंग प्रांतातल्या गाओमी भागाचं लाल ज्वारीचं रान हेच मोठं पात्र आहे, आणि झांग यिमोऊ यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला १९८८मध्ये बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. डोक्यावरून जाणारं ज्वारीचं पीक, त्यातून निघालेली पायवाट, वाऱ्याने होणारी सळसळ हे सारं दारव्हा-नेर भागातल्या माणसाला पडद्यावर पाहताना ओळखीचं वाटेल. निदान जुन्या माणसाला. कारण सोयाबीन आल्यापासून इथलं ज्वारीचं रानच आक्रसलं आहे. ज्वारी गेली तशी कडब्याची गंजी गेली, गुरं कमी झाली आणि हिवाळ्यातला हुरडाही दुर्मीळ झाला. ज्या पदार्थांना आपण वारसा म्हणतो ते शेतातल्या पिकावर उभे असतात; पीक बदललं की पुढच्या पिढीला त्यांची नुसती नावं उरतात.

राळ्याची गोष्ट याच्या उलट दिशेची. पिवळसर बारीक दाण्याचं हे धान्य उत्तर चीनमध्ये आठेक हजार वर्षांपूर्वीच पिकत होतं आणि तिथल्या सगळ्या जुन्या संस्कृतीचा तो अन्नाधार. महाराष्ट्रात भोगीच्या दिवशी अनेक घरांत राळ्याचा भात अजून होतो. संक्रांतीच्या आदल्या दिवशीच्या त्या वाडग्यात चीनच्या पीत नदीकाठचं धान्य असतं, हे वाढणाऱ्या आजीला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. तिने ते टिकवलं, एवढं पुरे. त्याच पीत नदीच्या खोऱ्यात छिंगहाय प्रांतातल्या लाजिया इथे उपड्या वाडग्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया सापडल्या. त्या राळे आणि वरी या धान्यांच्या आहेत, असं २००५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटलं होतं. हे वाचल्यावर विदर्भातल्या लग्नघरच्या सरगुंड्यांची आठवण न झाली तरच नवल. गव्हाच्या कणकेची बारीक दोरी बारीक काडीभोवती गुंडाळायची, अलगद सोडवून उन्हात वाळवायची, आणि उन्हाळ्यात शिजवून आमरसाबरोबर वाढायची. काडीवरून निघालेला तो पोकळ वळसा जसाच्या तसा राहिला पाहिजे, यातच करणारीचं कसब. लानचौच्या उपाहारगृहात हाताने ओढलेल्या शेवया करताना आचारी पिठाची दोरी दुमडतो, ताणतो, पुन्हा दुमडतो आणि प्रवासी मोबाइल काढून चित्रण करतात. हातावर शेवया ओढणाऱ्या आपल्या बाया उन्हाळ्याच्या दुपारी ओसरीत हेच करत आल्या. त्यांच्याभोवती कधी गर्दी जमली नाही.

मिरचीचंही असंच. सच्वानचं जेवण तिखट आणि वऱ्हाडचंही तिखट, पण मिरची दोघांचीही नव्हे. ती अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांनंतर आशियाभर पसरली. दोन्हीकडे ती इतकी मुरली की आता तिच्यावाचून तिथलं ताट ओळखू येणार नाही. सच्वानमध्ये तिच्या जोडीला जीभ झिणझिणवणारा रानदाणा असतो. तो आपल्या कोकणातल्या तिरफळाचा जवळचा नातलग. वऱ्हाडात जोडी कच्च्या तेलाची. गरम झुणक्यावर, अंबाडीच्या भाजीवर वरून फल्लीचं किंवा जवसाचं तेल घ्यायचं, आणि मग तिखट बोलतं.

अंबाडीविषयी थोडं अधिक लिहायला हवं. पावसाळ्यात कापसाच्या ओळींच्या कडेला लावलेली ही आंबट पालेभाजी ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवतात. पैनगंगेपलीकडे आदिलाबादला तिचाच गोंगुरा होतो. पांढरकवडा आणि झरी-जामणी भागात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषा एका आठवडी बाजारात ऐकू येतात, तशा तिथल्या चवीही एकमेकींत मिसळलेल्या. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. त्यांच्या पोडाच्या, म्हणजे वस्तीच्या, मध्यावर चावडी असते आणि गावाचा निवाडा, सण, नाच सारं तिथेच. प्रवाशाने अशा ठिकाणी आगाऊ विचारून, पाहुण्यासारखंच जावं. चीनच्या युन्नान आणि ग्वेइचौ प्रांतांत म्याओ, दोंग अशा लोकांची गावं पर्यटनासाठी खुली झाली, उत्पन्न वाढलं. पण कित्येक ठिकाणी त्यांचे सण ठरावीक वेळेचे खेळ होऊन बसले. दिवाळीच्या आसपास सुरू होणाऱ्या गोंड-कोलामांच्या दंडारीचं तसं होऊ नये.

जिल्ह्याच्या जेवणातला मानाचा पदार्थ मात्र रोडगे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेला तेलाचा हात लावून, पदर घालून गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत पुरायचे, वरून राख सारायची. बाहेर काढून झटकले की फोडून तुपात बुडवायचे. सोबत घट्ट वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मारुतीच्या पारापाशी किंवा शेतात, पन्नास-शंभर माणसांसाठी, पुरुषांनी केलेलं हे जेवण. हॉटेलात रोडगे मिळत नाहीत, मिळाले तरी ते रोडगे नसतात. चेंगदू शहराला २०१०मध्ये युनेस्कोने पाककलेचं शहर म्हणून मान दिला, तेव्हा तिथल्या गल्लीबोळांतल्या साध्या खानावळींनाही महत्त्व मिळालं. यवतमाळच्या बचत गटांनी महिन्यातून एकदा ठरलेल्या गावी रोडग्यांची पंगत मांडली, पत्ता आणि वेळ जाहीर केली, तरी नागपूर-अमरावतीहून माणसं येतील. एवढ्यासाठी मोठ्या प्रकल्पाची वाट पाहायला नको.

वाहतुकीच्या वारशात तर चीनशी तुलना अपरिहार्य ठरते. मूर्तिजापूर ते यवतमाळ आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ही शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने कापसासाठी बांधली. यवतमाळचा फाटा ११३ किलोमीटरचा. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरला १९२१मध्ये तयार झालेलं तिचं वाफेचं इंजिन सत्तर वर्षांहून अधिक काळ धावलं आणि १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झालं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, हा मार्ग मात्र खासगी मालकीचाच राहिला. गाडी इतकी संथ की वाटेत उतरून माणसं पुन्हा चढत, असं लोक सांगतात. पण दारव्हा, लाडखेड, लिंगा इथल्या गोरगरिबांना बसच्या तिकिटाच्या कितीतरी कमी पैशांत ती नेई. आता काही वर्षांपासून ती बंद आहे. स्थानकांवर गवत वाढलं आहे.

सच्वान प्रांतातल्या जियायांग इथे कोळशाच्या खाणीसाठी १९५९मध्ये अशीच एक रेल्वे सुरू झाली. लांबी फक्त २० किलोमीटरच्या आसपास आणि रुळांमधलं अंतर नेमकं तेच, ७६२ मिलिमीटर. तीही बंद पडण्याच्या बेतात होती. तिथल्या लोकांनी आणि प्रशासनाने तिला औद्योगिक वारसा म्हणून वाचवलं. आज वसंतात मोहरीसारख्या पिवळ्या फुलांच्या शेतांतून धूर सोडत जाणारी ती वाफेची गाडी पाहायला जगभरचे रेल्वेवेडे येतात, आणि गावकरीही त्याच गाडीने बाजारहाट करतात. शकुंतला तिच्याहून जुनी, कितीतरी लांब, आणि कापसाच्या जागतिक व्यापाराशी जोडलेली. तिचं ब्रॉडगेज व्हावं ही लोकांची मागणी न्याय्य आहे, त्यांना वेगवान गाडी हवी आणि ती मिळायलाच हवी. पण यवतमाळजवळचा दहा-पंधरा किलोमीटरचा तुकडा, एखादं स्थानक आणि एक इंजिन जुन्या रूपात राखणं या मागणीच्या आड येत नाही. हे रूळ भंगारात गेले, तर पुन्हा कोणी टाकणार नाही.

नव्या रुळांचीही बातमी आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. त्यामुळे चिंतामणीच्या गावी आता रेल्वेने जाता येतं. कळंबचं चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरत गेलं की कुंड लागतं आणि गणेशाची मूर्ती. ठरावीक वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप वर चढून मूर्तीच्या पायांना स्पर्श करतं, अशी श्रद्धा आहे. पाण्यासाठी झुरणाऱ्या जिल्ह्याचं दैवत पाण्याने प्रकट व्हावं, यात काही आश्चर्य नाही.

पाण्याचं दुसरं रूप पाहायला ऑगस्ट-सप्टेंबरात उमरखेडकडून सहस्रकुंडला जावं. पैनगंगा इथे काळ्या खडकांतून असंख्य धारांनी कोसळते. एका काठावर यवतमाळ, दुसऱ्या काठावर नांदेड. आणि त्या खडकाचं मूळ पाहायचं असेल तर शिबला-पारडी. २०२२मध्ये रस्त्याच्या कामात इथे बेसॉल्टचे षटकोनी खांब उघडे पडले. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा सावकाश निवताना आकसला, त्याला भेगा गेल्या आणि हे खांब घडले. याच बेसॉल्टची झीज होऊन काळी माती झाली आणि त्या मातीत कापूस आला. चीनमध्ये असं काही सापडलं की वर्षभरात तिथे कठडा, माहितीफलक आणि तिकीटघर येतं. तिकीटघर नको, पण कठडा आणि फलक हवेतच. गिट्टीच्या खाणींना खांब आणि दगड यांतला फरक कळत नाही.

टिपेश्वरच्या जंगलाची ओळख वाघांमुळे झाली आहे. जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य. इथून २०१९च्या जूनमध्ये निघालेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात रेडिओ पट्टा होता. शेतं, नाले, महामार्ग ओलांडत, तेलंगणात शिरून परत येत, १३०० किलोमीटरहून अधिक चालून तो त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्या वाटेत हजारो माणसांच्या वस्त्या होत्या. त्यांतल्या बहुतेकांना तो गेल्याचं कळलंही नाही.

या भागातून चीनपर्यंत गेलेली माणसंही आहेत. १९३८मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यातले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. ९ डिसेंबर १९४२ला अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते तिथेच गेले. शिजियाझुआंगच्या स्मृतिस्थळी चिनी शाळकरी मुलं आजही त्यांच्या समाधीवर फुलं वाहतात. त्याच पथकात नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते, आणि त्यांचं नाव विदर्भातही फार कोणाला माहीत नाही. हे पथक यनानपर्यंत गेलं. यनानच्या मातीच्या गुहांमधली क्रांतिकारकांची घरं आज चीनमधलं मोठं प्रेक्षणीय स्थळ आहेत.

हे पथक निघण्याच्या आठ वर्षं आधी, १० जुलै १९३० रोजी, पुसदच्या राखीव रानात लोकनायक बापूजी अणे यांनी विळा घेऊन गवत कापलं आणि जंगल सत्याग्रह सुरू झाला. मिठाच्या सत्याग्रहाच्या त्या दिवसांत, मीठ जिथे नाही तिथे लोकांच्या हक्काची वस्तू कोणती, याचा विचार करून शोधलेलं हे उत्तर होतं. वणीला १८८०मध्ये जन्मलेल्या अण्यांनी पुढे बिहारचं राज्यपालपद भूषवलं आणि टिळकांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य लिहिलं, ज्याला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वणीचं घर, यवतमाळ, पुसदचं रान अशी त्यांच्या नावाची एक वाट शाळेच्या सहलींसाठी सहज आखता येईल. दोन दिवस लागतील. पहिल्या दिवशी वणीहून निघून भद्रावतीची लेणी आणि शिबल्याचे खांब, रात्री यवतमाळ. दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला शकुंतलेचं स्थानक, दिग्रसमार्गे पोहरादेवी आणि संध्याकाळी पुसद. हिवाळ्यात निघालं तर रस्त्याकडेच्या एखाद्या शेतात हुरडा भाजणारे भेटतील आणि पाहुणे म्हटल्यावर बसवून घेतील. नवरात्रात निघालं तर यवतमाळच्या दुर्गोत्सवासाठी आणि पांढरकवड्याजवळ केळापूरच्या जगदंबेसाठी एक मुक्काम वाढवावा लागेल.